प्रज्योतसाठी, रूटबरोबर

पाने दिले, गॅस्केटचा डबा दिला, गाडीची चावी दिली.
आता ही यादी घे. ही कंपनीच्या फायलीत नाही.

सत्तावीस वर्षं, जैतापूर ते शिरोडा,
मी बर्फाच्या कारखान्यांचे कॉम्प्रेसर उघडले
आणि दुपारी दोनला, अमोनियानं मेलेलं नाक घेऊन,
जेवायला कुठे जायचं ते शिकलो.

पाटी मोठी असेल तिथे थांबू नकोस.
लाल अक्षरांत ‘अस्सल’ असेल तर ब्रेकवर पायही ठेवू नकोस.
दाराबाहेरच्या चपला बघ.
रबरी, खारानं पांढऱ्या पडलेल्या, सात-आठ जोड:
आत खलाशी जेवतायत.
तू पण जेव.

विजयदुर्गात, जेटीच्या वरच्या अंगाला,
जैतुनबी सोलकरांच्या पडवीत दोन बाकं आहेत.
सकाळी आठच्या आत फोन करायचा. नाहीतर त्या
टोपाकडे बोट दाखवतात, यात तुझ्या नावची मूठ पडलेली नाही.
तांदळाची भाकरी, सुरमईचं डोकं, नारळाचं दूध.
डोक्याला नाही म्हणू नकोस.
पुन्हा कधी विचारणार नाहीत.

देवगडात स्टँडसमोरची तिन्ही सोड.
सड्यावर चढ, पवनचक्क्यांच्या अलीकडे
रोहिदास जोगल: पुढे सायकल दुरुस्ती, मागे खानावळ.
वाढते बहीण. हिशेब तो करतो,
लटकणाऱ्या ट्यूबांच्या खाली, पाटीवर, खडूनं.
बांगड्याचं तिखलं माग.
तिरफळाचा एक दाणा दाताखाली आला
की मेलेलं नाक उठून बसतं.

सोमवारी मासे नाहीत. तोंड पाडू नकोस,
काळ्या वाटाण्याचं सांबारं असतं, आंबोळी असते.
बंदीच्या महिन्यांत पेज आणि सुकी सुंगटं;
कारखाने तेव्हाच थंड, म्हणून आपली कामं तेव्हाच.

कधी कधी इंदुमती कुबल दारातच सांगेल,
“आज बाजार गावलो नाय.”
परत फिरू नकोस. याचा अर्थ इतकाच,
की आज ती घरातलं वाढणार.
पैसे घेणार नाही.
तिच्या फ्रीजचं दार नीट लागत नाही, तेवढं बघून दे.
आणि तिची सोलकढी पातळ लागली तर बोलू नकोस,
नारळ खवणाऱ्या पोरीची परीक्षा चालू असते.

राहिलं आचरा.

आचऱ्यात मी जेवत नाही.
पिरावाडीच्या रस्त्याला, वळणावर, सावळाराम तारींची खानावळ.
शहाण्णव-सत्त्याण्णव असेल. माझं ताट अर्धं झालं होतं
आणि बाहेर कुणीतरी ओरडलं.
कढई, गल्ला, वाढपाचा डाव, होतं तिथे टाकून
सगळे किनाऱ्याकडे पळाले.
कुणाची होडी, किती माणसं,
मी तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही.
पंखा फिरत होता. तेलात एक तुकडी करपत होती.
मी उठून गॅस बंद केला.
मग पुन्हा बसलो आणि, खरं सांगतो,
ताट पुसून खाल्लं. भूक होती.
बेचाळीस रुपये झाले होते. सुटे नव्हते.
शंभराची नोट ठेवून जायला हात झाला नाही.
गाडी काढली.

नंतर त्या वळणावरून कितीदा गेलो,
एकदाही गिअर बदलला नाही.

तर तू तिथे जेव.
बिल होईल त्यावर बेचाळीस ठेव. सुटे ने.
ते मोजतील, जास्ती झाले म्हणतील, परत करतील.
घेऊ नकोस. कुणाचे तेही सांगू नकोस.

संध्याकाळी मला फोन कर.
पैशांचं नको बोलूस.
त्या दिवशी सरंग्याची आमटी होती,
कोकम जरा जास्त पडलेलं.
अजून पडतं का,
तेवढं सांग.